दहा गोण्यांचं दान नको, पक्कं बिल द्या!



"गावातल्या व्यापाऱ्यांनी गरिबांच्या घरकुलांना हातभार लावावा" हे वाक्य अलीकडे फार ऐकू येतं. ऐकायला गोड आहे. पण मेहकर तालुक्यातल्या आपल्या जानेफळच्या बाजारात उभं राहून एकदा विचारा, कोण कोणाला हातभार लावतंय?

हिशोब मांडू. रमाई आवास योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला ग्रामीण भागात घरासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. धरा, एका वस्तीत २० घरकुलं मंजूर झाली. म्हणजे २४ लाख रुपये. ते आपल्या खात्यात येतात, पण थांबतात किती दिवस? सिमेंट, सळई, विटा, गिट्टी, दारं-खिडक्या, ट्रॅक्टरचं भाडं. सगळा पैसा बाजारातच जातो. बुडण्याची भीती नसलेलं, सरकारी पैशाचं गिऱ्हाईक दुकानदाराला आणखी कुठे मिळतं?

तरी दुकानाच्या पायरीवर हात जोडून उभे असतो आपणच. कारण उधारी. अनुदान हप्त्यांनी येतं. जोता झाला, फोटो गेला, तपासणी झाली, मग पुढचा हप्ता. तोवर पावसाळा तोंडावर. मग माल वहीवर घ्यायचा. रोखीचा भाव एक, उधारीचा दुसरा, आणि बिलाच्या जागी कच्ची चिठ्ठी. घरात लागायचा पैसा वहीत मुरतो. स्लॅब अर्धवट राहतो आणि बाई लेकरांना घेऊन पुन्हा टिनाखाली.

चिठ्ठीमुळे काय बुडतं तेही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कर सोडून ३०० रुपये किंमत असलेल्या गोणीमागे ३० रुपये, १०० गोण्यांमागे ३ हजार. हे ३ हजार आपल्याला मिळाले की मधेच जिरले, हे पक्क्या बिलाशिवाय कळणार कसं?

आता कोणी दहा गोण्या दान देईल, हार घालून घेईल, फोटो काढेल. तो एका घराचा सोहळा होईल. बाकीच्या १९ घरांचा भाव तोच राहील. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. रास्त भाव हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

बाजार आणि घर यांचं नातं बाबासाहेबांनी फार आधी ओळखलं होतं. पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाच्या मागण्या मांडल्या. त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी होती. बहिष्काराच्या व्याख्येत घर किंवा जमीन वापरू न देणं होतं, तसंच देवघेव आणि धंदा करायला नकार देणंही होतं. त्या काळी गावातलं दुकान बंद झालं की माणूस शरण यायचा. आज महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. दुकान आपल्याला बंद नाही. पण एकटा गेलेला माणूस उधारीच्या वहीपुढे आजही वाकतोच.

दुकानदार म्हणतील, "आम्हालाही वरच्या व्यापाऱ्याला पैसे द्यावे लागतात. हप्ता लांबला तर आम्ही काय करायचं?" प्रश्न खरा आहे. पण हप्ता लांबतो पंचायत समितीच्या टेबलावर. त्याचा दंड घरकुलवाल्याने का भरायचा? त्या टेबलाला जाब विचारायला दुकानदारानेही आमच्यासोबत यावं. त्याचाही पैसा तिथेच अडकलाय.

आता थोडं आपल्याबद्दल. १४ एप्रिलच्या वर्गणीची पावती घेऊन आपली पोरं याच दुकानांत जातात. हजार-पाचशे मिळाले की डीजे ठरतो. ज्याच्याकडून आपण वर्गणी घेतली, त्याच्या वहीत आपल्याच मावशीच्या नावापुढे लिहिलेल्या रकमेबद्दल तोंड कसं उघडणार? योजनेला रमाईचं नाव आहे. त्या नावाच्या घराचा स्लॅब अर्धवट आणि आपल्या मिरवणुकीचा आवाज पूर्ण, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून यंदा वर्गणीची पावती घरी ठेवा आणि मागण्यांचा कागद घेऊन दुकानात जा. घरकुलाच्या मालाला रोखीचाच भाव, तो दुकानात फळ्यावर लिहिलेला. प्रत्येक खरेदीला पक्कं बिल. पुढचा हप्ता जमा होईपर्यंत उधारीवर व्याज नाही. त्याबदल्यात आपण काय देणार, तेही ठरवा. वस्तीतली सगळी घरकुलं एकत्र खरेदी करतील, एकाच यादीने, आणि हप्ता जमा झाला की आधी दुकानाचे पैसे चुकते होतील. जो दुकानदार या अटी मानेल, त्याच्याकडे २० घरांचा माल. जो मानणार नाही, त्याच्याशी भांडण नाही. मेहकरचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे.

हे करायला नेता लागत नाही. एक वही, बेरीज येणारी दोन पोरं आणि बुद्धविहारात घरकुलवाल्या बायांची एक बैठक लागते. संघटित व्हा, हे आपण भिंतीवर पुष्कळ वेळा लिहिलं. आता ते सिमेंटच्या बिलावर दिसू द्या.

जय भीम! जय संविधान!