मळी आपली, आम्ल परक्याचे

वसमत परिसरात गळीत हंगाम आला की चर्चा रंगते ती उताऱ्याची आणि पहिल्या उचलीची. पूर्णा सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाच्या दृष्टीने ते स्वाभाविकच आहे. परंतु साखरेमागे उरणाऱ्या मळीचे पुढे काय होते, हा प्रश्नही त्याच्या घामाच्या दामाशीच निगडित आहे.

मळीतून मद्यार्क निघतो आणि मद्यार्क म्हटले की समाजाला दारूच आठवते. वास्तविक त्याच मद्यार्काचा आम्लाशी संयोग घडवला, की एस्टर ही बहुमोल द्रव्ये तयार होतात. जर्मनीच्या एमिल फिशर आणि आर्थर स्पायर यांनी १८९५ मध्ये ही पद्धत मांडली. थोडे गंधकाम्ल उत्प्रेरक म्हणून घालून मिश्रण तापवायचे. ही क्रिया उलटही फिरते, म्हणून तयार होणारे पाणी सतत काढून टाकावे लागते. यातून मिळणारे इथाइल अ‍ॅसिटेट छपाईची शाई, रंग आणि औषधे यांच्या निर्मितीत लागते. कोपरगावजवळच्या साकरवाडीत आणि कोकणात महाडला त्याचे मोठे उत्पादन होते. महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही.

खरी मेख पुढेच आहे. हिशेबाने एक टन इथाइल अ‍ॅसिटेटला सुमारे ५२० किलो मद्यार्क लागतो, तर अ‍ॅसिटिक आम्ल ६८० किलो! एकेकाळी हे आम्लही देशात मळीच्या मद्यार्कापासूनच होत असे. पुढे मिथेनॉलपासून बनलेले स्वस्त आम्ल आयात होऊ लागले आणि देशी उत्पादन मागे पडले. आज देशाच्या गरजेचा मोठा हिस्सा परदेशातून येतो. म्हणजे मद्यार्क आपल्या शेतातला, पण वजनाने जड असलेला वाटा परक्याचा!

इंधनात इथेनॉल मिसळण्याचे धोरण स्वागतार्हच आहे. मात्र सगळा मद्यार्क टाकीत जाळणे म्हणजे कापूस पिकवून कापड परक्याकडून घेण्यासारखे आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या उसाने मात्र कच्च्या मालाच्या पायरीवरच का थांबावे? मद्यार्कजन्य आम्लाला शासनाने संरक्षण द्यावे, कारखान्यांनी एकत्र येऊन प्रकल्प उभारावेत आणि सांडपाण्याची जबाबदारीही पहिल्या दिवसापासून उचलावी. दत्तोपंत ठेंगडी यांच्या विचारातील स्वदेशी ही केवळ खरेदीपुरती नव्हती. शेतातून निघालेल्या द्रव्याचे अखेरचे मोलही त्याच मातीत परतावे, हाच तिचा खरा अर्थ!