कोरा सर्व्हर देण्याआधी

मागच्या लेखात आपण खाजगी क्लाउडमधल्या आभासी मशीन पाहिल्या. त्यावर एका वाचक मुलीने विचारलं, "आमच्या कंपनीत आता सगळे 'बेअर मेटल' हवं म्हणतायत. म्हणजे काका, आपण पुन्हा मागे चाललो का?"

मागे नाही. बेअर मेटल म्हणजे मध्ये हायपरवायझरचा थर नसलेला, अख्खाच्या अख्खा सर्व्हर एका कामाला देणं. मोठा डेटाबेस, जीपीयूवर चालणारं काम, किंवा ज्याचं लायसन्स प्रत्यक्ष प्रोसेसर मोजून घ्यावं लागतं असं सॉफ्टवेअर असेल तर हेच परवडतं. शिवाय एक साधी गोष्ट आपण विसरतो. आभासी मशीन ज्या सर्व्हरवर चालतात, ते सर्व्हरही कुणीतरी आधी उभे केलेले असतात.

पूर्वी हे काम हाताने व्हायचं. ढकलगाडीवर मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवायचा, डेटा सेंटरच्या गारठ्यात स्वेटर घालून जायचं, पेन ड्राइव्ह लावायचा आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत बसायचं. दहा सर्व्हर असतील तर निभतं. पण दहाच्या दहा सर्व्हर थोडे थोडे वेगळे तयार व्हायचे, कारण तिसऱ्याच्या वेळी फोन आलेला असायचा आणि सातव्याच्या वेळी जेवणाची वेळ झालेली असायची. ऑटोमेशनची खरी गरज वेगापेक्षा या वेगळेपणामुळे निर्माण झाली असं माझं मत आहे.

आज यासाठी दोन नावं जास्त ऐकू येतात. एक कॅनॉनिकल कंपनीचं 'मास' आणि दुसरं ओपनस्टॅकमधलं 'आयरॉनिक'. ओपनस्टॅक हा नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेला मुक्त प्रकल्प. जिनिव्हाजवळची सर्न ही प्रयोगशाळा आपले हजारो सर्व्हर आयरॉनिकच्या मदतीने सांभाळते. मी आयरॉनिकवरच जास्त काम केलं आहे, म्हणून पुढचं वर्णन त्याचं.

प्रत्येक सर्व्हरच्या बोर्डावर एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. त्याला बीएमसी म्हणतात. (मुंबईची महापालिका नव्हे!) मुख्य मशीन बंद असली तरी वीज जोडलेली आहे तोवर हा जागा असतो. त्याला स्वतःचा नेटवर्क पत्ता असतो. दूर बसून त्याला सांगता येतं, मशीन चालू कर, बंद कर, या वेळी डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू हो. हे सांगायची जुनी पद्धत म्हणजे १९९८ ची आयपीएमआय आणि नवी म्हणजे २०१५ पासूनची रेडफिश. बीएमसीचा पासवर्ड ज्याच्या हाती, मशीन त्याची. म्हणून बीएमसीचं नेटवर्क कायम वेगळं ठेवायचं, कार्यालयाच्या नेटवर्कवर कधीही आणायचं नाही. पूर्वी हजारो सर्व्हर एकाच ठरावीक पासवर्डने कारखान्याबाहेर पडायचे. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि तिथे विकल्या जाणाऱ्या, नेटवर्कला जोडता येणाऱ्या उपकरणांना वेगवेगळा पासवर्ड देणं किंवा पहिल्या वापराआधी तो बदलायला लावणं बंधनकारक झालं. आता पासवर्ड बहुधा सर्व्हरवरच्या लेबलवर छापलेला असतो. दोनशे सर्व्हर मागवणार असाल तर पासवर्डची यादी फाइलमध्ये द्या, असं ऑर्डरमध्येच लिहा. नाहीतर कुणातरी नव्या मुलाला टॉर्च घेऊन दोनशे लेबलं वाचावी लागतात.

पुढची साखळी अशी. आयरॉनिक बीएमसीला सांगतं, नेटवर्कवरून सुरू हो. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड हाक मारतं, "कुणी पत्ता देता का?" डीएचसीपी पत्ता देतं आणि कुठली फाइल उचलायची तेही सांगतं. या पद्धतीला पीएक्सई म्हणतात, बोलताना 'पिक्सी'. मग एक छोटी लिनक्स थेट मेमरीत उतरते आणि तिच्यातला एजंट आयरॉनिकला कळवतो की मी आलो. त्यानंतर तो आपली इमेज डिस्कवर लिहितो आणि मशीन पुन्हा सुरू होते. आभासी मशीन सेकंदांत तयार होते, इथे बरीच मिनिटं लागतात. भरपूर मेमरी असलेला सर्व्हर स्वतःची तपासणी करायलाच कित्येक मिनिटं घेतो. त्यामुळे पडदा काळा दिसला की लगेच पॉवर बंद करू नका.

नवी मुलं सगळ्यात जास्त दिवस जिथे घालवतात ती जागा सर्व्हरमध्ये नसून स्विचमध्ये असते. केबल ठीक, दिवा लागलेला, डीएचसीपी ठीक, तरी सर्व्हर म्हणतो पत्ता मिळाला नाही. कारण स्पॅनिंग ट्री. जुन्या सेटिंगचा स्विच पोर्ट जागा झाल्यावर नेटवर्कमध्ये कुठे वेटोळं झालं नाही ना हे पाहत साधारण ३० सेकंद थांबतो. तेवढ्यात बिचारं कार्ड हाका मारून गप्प झालेलं असतं. सर्व्हरकडे जाणाऱ्या पोर्टवर हे थांबणं काढून टाकलं की काम होतं. स्विच वेगळ्या टीमकडे असेल, तर त्यांच्याशी आधीच मैत्री करून ठेवावी.

आता मुख्य मुद्दा. लोक समजतात की प्रोव्हिजनिंग म्हणजे ओएस टाकणं. माझ्या मते ते सगळ्यात सोपं. अवघड दोन गोष्टी, आपण कुठल्या मशीनशी बोलतोय हे नक्की माहीत असणं आणि आधीच्या भाडेकरूचं सामान खरंच बाहेर गेलंय का हे पाहणं.

पहिलीचं उदाहरण. एका कंपनीत जुना रॅक खाजगी क्लाउडमध्ये घ्यायचं काम चालू होतं. निम्मे सर्व्हर रिकामे, निम्म्यांवर चालू काम. सतरा नंबर रिकामा होता, अठरावर पगाराचा डेटाबेस चालू होता. आमचा नियम असा की यादीतल्या कुठल्याही सर्व्हरला रीबूटची आज्ञा देण्याआधी दोन गोष्टी करायच्या. बीएमसीकडून सिरियल नंबर वाचून यादीशी जुळवायचा आणि ओळखदिवा लावून एकाने रॅकपाशी जाऊन पाहायचं. सर्व्हरच्या पुढे-मागे एक निळा दिवा असतो, तो दुरून लावता येतो. यादीतल्या सतराच्या पत्त्यावर दिवा लावला. रॅकपाशी उभा असलेला सहकारी फोनवर म्हणाला, "अठराचा लागलाय." सिरियल नंबरही अठराचाच आला. कधीतरी दोघांच्या बीएमसीच्या केबल अदलाबदल झाल्या होत्या आणि यादीत कुणी नोंद केली नव्हती.

तो दिवा न लावता पुढे गेलो असतो तर काय झालं असतं, हे समजून घ्या. सतरा समजून आयरॉनिकने अठराला रीबूट केलं असतं. नेटवर्कवरून उठलेल्या एजंटने अठराची माहिती सतराच्या नावाने नोंदवली असती. आणि नंतर स्वच्छतेच्या टप्प्यात त्याच डिस्क पुसल्या गेल्या असत्या. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने एकही चूक नाही, सगळे टप्पे हिरवे. महिनाअखेर जवळ आली होती. केबल सरळ करायला दोन मिनिटं लागली, पण त्यानंतर आम्ही पूर्ण दिवस थांबून रॅकमधला प्रत्येक सर्व्हर दिवा लावून तपासला. वरून घाई होतीच.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. एका विभागाने सर्व्हर सोडला आणि दुसऱ्याला द्यायचा, तर मध्ये डिस्क पुसावी लागते. आयरॉनिक हे आपणहून करू शकतं, पण किती पुसायचं ते आपण ठरवायचं. झटपट प्रकारात फक्त डिस्कच्या विभागणीची नोंद पुसली जाते. घराच्या दारावरची पाटी काढावी आणि आतलं सामान तसंच ठेवावं, तसं. माहिती जागेवरच असते, साध्या सॉफ्टवेअरने परत वाचता येते. पूर्ण पुसायचं तर ४ टीबीची फिरती डिस्क सेकंदाला २०० एमबी वेगाने एकदा लिहायला साडेपाच तास लागतात. एन्क्रिप्शन असलेल्या नव्या डिस्कमध्ये आतली किल्लीच नष्ट करता येते, ते काही सेकंदांत होतं. म्हणून डिस्क विकत घेतानाच ही सोय आहे का ते विचारावं. "साडेपाच तास कशाला, झटपटवालंच करा" असं सांगणारा साहेब प्रत्येक ठिकाणी असतो. एकाच टीमच्या चाचणीच्या मशीनसाठी मी हो म्हणतो. दोन विभागांमध्ये, आणि त्यातला एक रुग्णांच्या किंवा पगाराच्या नोंदी ठेवणारा असेल तर नाही.

आणि डिस्कवरच सगळं संपत नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या एका प्रयोगात इक्लिप्सियम या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी आयबीएमच्या क्लाउडमधला एक बेअर मेटल सर्व्हर भाड्याने घेतला, बीएमसीच्या फर्मवेअरमध्ये एक निरुपद्रवी बदल केला आणि सर्व्हर परत केला. नंतर तोच सर्व्हर पुन्हा मिळवून पाहिलं, तर बीएमसीत त्यांनी जोडलेलं वापरकर्त्याचं खातं काढलेलं होतं, पण फर्मवेअरमधला बदल तसाच होता. म्हणजे आधीचा भाडेकरू वाईट हेतूचा असता, तर पुढच्याच्या घराची चावी त्याच्याकडे राहिली असती. यानंतर आयबीएमने प्रत्येक सर्व्हर पुन्हा देण्याआधी बीएमसीचं फर्मवेअर नव्याने लिहायचं ठरवलं. हीच पायरी आपल्या छोट्या खाजगी क्लाउडमध्येही घालता येते, आणि बहुतेक ठिकाणी ती नसते.

आपल्या घरांतली अनेक मुलं-मुली रोज गच्चीबावली-माधापूरला जातात, त्यातले काही याच कामावर आहेत. शिकायचं असेल तर रॅक लागत नाही. १६ जीबी मेमरीचा लॅपटॉप पुरतो. त्यावर दोन-तीन आभासी मशीन करा आणि 'सुशी-टूल्स' नावाचं साधन लावा, ते त्यांना खोटी बीएमसी जोडून देतं. मग 'बायफ्रॉस्ट' वापरून एकट्या आयरॉनिकची मांडणी करता येते, पूर्ण ओपनस्टॅक उभारावा लागत नाही. एका मशीनला मुद्दाम दुसरीचा पत्ता द्या आणि पाहा, सगळे टप्पे कसे निमूट हिरवे होतात ते.

फक्त हे सगळं लॅपटॉपच्या आतल्या वेगळ्या नेटवर्कवर करा. घरच्या वायफायवर दुसरं डीएचसीपी सुरू केलंत तर ते टीव्हीलाही पत्ते वाटायला लागेल, आणि संध्याकाळी मालिकेच्या वेळी आजीला स्पॅनिंग ट्री समजावत बसावं लागेल.