तीनशेचा प्लॅन, शंभराचे पोर्ट

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

विषय : घराच्या उंबरठ्याआतल्या नेटवर्कचा वेग

महोदय,



ब्रॉडबँड कशाला म्हणायचे, याचे सरकारी उत्तर वीस वर्षांत तीनदा ठरले. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट, २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ मेगाबिट. दरम्यान शहरांत गल्लोगल्ली फायबर आली आणि शंभर, दोनशे, तीनशे मेगाबिटचे प्लॅन सर्रास विकले जाऊ लागले. २०१६ मध्ये मायस्पीड ॲप काढून आपण ग्राहकाच्या हाती वेग मोजायचे साधनही दिलेत. हे सगळे मोजमाप इंटरनेटचे. दिवाणखान्यातल्या राउटरच्या डब्यापासून आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत जी दहा-पंधरा मीटरांची वाट असते, तिला मात्र कोणी वाली नाही. हे पत्र तिच्याबद्दल आहे.

घरातल्या घरात फायली पाठवणे हा एके काळी चार हौशी लोकांचा उद्योग होता. आता तसे राहिलेले नाही. लग्नाचे शूटिंग करणारा मुलगा एडिटिंग घरीच करतो. एका लग्नाचे फुटेज शंभर जीबी सहज भरते आणि ते एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यावेच लागते. घरून काम करणारे आर्किटेक्ट आहेत, सीए आहेत, घरातले सगळे फोटो एका सामायिक डिस्कवर ठेवणारी कुटुंबे आहेत. कॉपी सुरू केली की पडद्यावर येते : अजून सात तास. मग नेटवाल्याला फोन जातो. तो येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो, ‘‘बघा काका, पूर्ण येतंय’’ म्हणतो आणि जाता जाता वरचा प्लॅन सुचवतो. काका तोही घेतात. पुढच्या कॉपीला पुन्हा सात तासच लागतात.

लागणारच. एकाच राउटरला जोडलेल्या दोन कॉम्प्युटरमधली फाइल इंटरनेटवर जातच नाही. ती एका मशीनमधून डब्यात येते आणि डब्यातून दुसऱ्या मशीनमध्ये जाते. बाहेरून आलेली फायबर काढून ठेवली तरी ही कॉपी चालू राहते. म्हणजे महिन्याला दोन-चारशे रुपये जास्त भरून घेतलेल्या प्लॅनचा या दुखण्याशी काडीचा संबंध नसतो. विकणाऱ्याने ही गोष्ट सांगायला हवी, असा कोणताही नियम आज नाही.

आकड्यांचा घोळ इथूनच सुरू होतो. प्लॅन विकला जातो मेगाबिटमध्ये, कॉपीच्या खिडकीत दिसतात मेगाबाइट, आणि आठ बिटांचा होतो एक बाइट. शंभर मेगाबिटच्या पोर्टमधून सेकंदाला कागदोपत्री साडेबारा, प्रत्यक्षात अकरा-बारा मेगाबाइट जातात. गीगाबिट पोर्टमधून एकशेदहाच्या आसपास. शंभर जीबीचे फुटेज पहिल्या वाटेने न्यायला जवळपास अडीच तास, दुसऱ्या वाटेने पाव तास. आणि शेजारपाजारच्या डझनभर राउटरांनी गजबजलेल्या २.४ गीगाहर्ट्झच्या वाय-फायवर वेग चार मेगाबाइटपर्यंत घसरला, तर तेच काम सात तासांचे.

दोष नेमका कुठे आहे हे शोधणे अवघड नाही. आमच्या सोसायटीत कोणी ही तक्रार घेऊन आले, तर मी आधी दोन्ही मशीन तारेने राउटरला जोडायला सांगतो. तेवढ्याने वेग एकदम वाढला, तर गुन्हेगार वाय-फाय. दोन्ही मशीन वाय-फायवर असतील, तर फाइलचा प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून, आणि एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येते. म्हणून वेग निम्मा. मध्ये स्वस्तातला रिपीटर असेल, तर त्याच्याही आणखी निम्मा. यातले एक मशीन जरी कायमचे तारेवर नेले, तरी फरक लगेच दिसतो.

तार लावूनही वेग अकरा-बारा मेगाबाइटवर घट्ट अडकला, तर दुसरे काही शोधायची गरज नाही. कुठेतरी शंभर मेगाबिटची जोडणी आहे. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग १०० दिसतो की १०००, एवढे पाहिले की खात्री होते. मग उरतात दोन शक्यता. एक, पोर्टच शंभरचे आहे. फायबरच्या अनेक स्वस्त डब्यांत दोन पोर्ट असतात आणि त्यांतले एकच गीगाबिटचे असते. तांत्रिक पत्रकात गीगाबिटच्या पोर्टला ‘जीई’ आणि शंभरच्या पोर्टला ‘एफई’ म्हणतात. डब्यावर मात्र दोन्ही भोके सारखीच दिसतात. दोन, पोर्ट गीगाबिटचे असूनही केबल दगा देते. शंभर मेगाबिटला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, गीगाबिटला चारही. क्रिम्पिंग करताना शंभराला न लागणाऱ्या चार तारांपैकी एक जरी नीट बसली नाही, तरी जोडणी बहुधा तुटत नाही, ती गुपचूप शंभरवर उतरते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत कुठेही केबल घ्यायला जा, तांब्याच्या भावात तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनिअम गळ्यात पडणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

जोडणी हजारची दिसते, तरीही कॉपी रेंगाळते, अशीही घरे असतात. तिथे ‘आयपर्फ’ नावाचे फुकट मिळणारे साधन कामी येते. ते डिस्कला हात न लावता फक्त नेटवर्कचा वेग मोजते. त्यात नऊशेच्या वर मेगाबिट आले, तर नेटवर्क निर्दोष आहे आणि दुखणे डिस्कमध्ये आहे. राउटरच्या मागे यूएसबी २.० ला लावलेली हार्ड डिस्क तीस-चाळीस मेगाबाइटच्या पुढे सहसा जात नाही. आणि एक मोठी फाइल भर्रकन जाते, पण तेवढ्याच आकाराचे वीस हजार छोटे फोटो रडतखडत जातात, कारण प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्याचा हिशेब वेगळा होतो.

महोदय, हे एवढ्यासाठी सविस्तर लिहिले की यातले काहीही गूढ नाही. एक चांगली केबल आणि अर्धा तास पुरतो. ग्राहकाला हे जमत नाही, कारण त्याला जो आकडा हवा आहे तो कोणत्याच कागदावर नसतो, आणि जो आकडा ठळक छापलेला असतो तो उपयोगाचा नसतो. ‘एसी १२००’ असे लिहिलेला राउटर घ्या. हे बाराशे म्हणजे २.४ गीगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गीगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज, वरच्या शेकड्यात गोळा केलेली. आपला लॅपटॉप एका वेळी यांतल्या एकाच पट्ट्यावर बसणार. तिथेही हा आकडा हवेतल्या जोडणीचा. फाइलच्या वाट्याला त्याच्या निम्मे आले तरी चांगले म्हणायचे. आणि याच डब्याच्या मागची पोर्टे शंभरची असू शकतात! बाराशेचा छाप असलेल्या डब्यातून तारेवर शंभरच मिळतात. यात खोटे काही छापलेले नसते. फक्त महत्त्वाचे ते मागे, बारीक अक्षरांत असते.

हा विषय ट्रायच्या अखत्यारीत येत नाही, असे आपले कार्यालय कदाचित कळवील. डब्याची चाचणी दूरसंचार विभागाच्या अभियांत्रिकी केंद्राकडे, वेष्टनावरचा मजकूर ग्राहक व्यवहार खात्याकडे, हे मलाही मान्य आहे. पण बाजारातून विकत घेतलेला राउटर वेगळा आणि सेवा देणाऱ्याने जोडणीबरोबर बसवून दिलेला डबा वेगळा. तो सेवेचाच भाग आहे. तीनशेचा प्लॅन विकून शंभराच्या पोर्टात तार खोचून गेलेला माणूस तारेवरच्या ग्राहकाला विकलेल्या वस्तूचा एक तृतीयांशच देऊन गेलेला असतो. शिवाय उंबरठा आपण आधीच ओलांडला आहे. इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियम ट्रायनेच ऑक्टोबर २०२४ मध्ये काढले. विजेच्या बाबतीत आपल्याकडे ही शिस्त जुनी आहे : नवी जोडणी घेताना घरातल्या वायरिंगचा परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. मीटरच्या पुढे काय चालले आहे ते आम्हाला माहीत नाही, असे तिथे कोणी म्हणत नाही.

म्हणून तीन मागण्या.

पहिली : सेवा देणाऱ्याने बसवलेल्या डब्याच्या प्रत्येक पोर्टचा कमाल वेग आणि वाय-फायचे पट्टे प्लॅनच्या कागदावर, ग्राहकाच्या भाषेत लिहून द्यावेत. ज्या प्लॅनचा वेग पोर्टपेक्षा जास्त आहे, तो त्या डब्यासह विकताच येऊ नये.

दुसरी : जोडणी दिल्यावर वेग दोनदा मोजावा, आधी तारेवर आणि मग वाय-फायवर, आणि दोन्ही आकडे पावतीवर यावेत. पुढे तक्रार आली, तर दोष बाहेरचा की घरातला, हे या दोन आकड्यांवरूनच बरेचसे कळेल.

तिसरी : इमारतींचे मानांकन करताना मोबाइलच्या दांड्या आणि जिन्यापर्यंतची फायबर पाहून थांबू नये. नव्या सदनिकेत खोल्याखोल्यांतून तांब्याची, चारही जोड्या जोडलेली केबल टाकली आहे का, हेही पाहावे. भिंत बांधताना ही केबल टाकायला फार खर्च येत नाही. राहायला आल्यावर भिंत फोडायची कोणाची तयारी नसते.

सगळ्यांना गीगाबिटचा डबा द्या, असे मी म्हणत नाही. पन्नास मेगाबिटचा प्लॅन घेऊन बातम्या आणि मालिका बघणाऱ्याला शंभराचे पोर्ट पुरून उरते. त्याच्या माथी महागडा डबा मारायचे कारण नाही. पण ज्याला फुटेज हलवायचे आहे, त्याला वरचा प्लॅन घ्यायचा की दीड-दोनशे रुपयांची केबल बदलायची, हे ठरवता आले पाहिजे. आज ते ठरवायला लागणारी माहिती फक्त विकणाऱ्याकडे आहे, आणि त्याचा फायदा ग्राहकाने चुकीचे ठरवण्यात आहे.

ब्रॉडबँडच्या सेवेवरील पुढच्या कन्सल्टेशन पेपरमध्ये हा प्रश्न घ्यावा, ही विनंती. हरकती-सूचना मागवाल, तेव्हा आकडेमोडीसह पुन्हा लिहीनच.

कळावे,

आपला,
पुण्यातला एक ब्रॉडबँड ग्राहक