सल्ला नको, मास्तर, आधी बसा

मास्तरांनी पोरांचे गट करावेत, सल्ला द्यावा, आधार द्यावा. ऐकायला झ्याक वाटतं. पण साला सल्ला आम्ही जन्मापासून ऐकतोय. नीट बस. अभ्यास कर. तुझ्या बापाला काय कळतंय.

कागदावर गट काय कमी आहेत? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश जागा पालकांच्या, निम्म्या बायांच्या, वंचितांना त्यांच्या प्रमाणात. आमची आई तिथं बसणार! तर २०१२ साली दुरुस्ती झाली: अनुदानित शाळांत या समितीनं फक्त सल्ला द्यायचा. म्हणजे चहा घ्या, सही करा, घरी जा.

मार्च २०२२ मध्ये सखी सावित्री समिती निघाली. सावित्रीमाईचं नाव लावलं की काम झालं! ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या कल्याणच्या पुढं, बदलापुरात, बालवर्गातल्या दोन पोरींवर शाळेतच अत्याचार झाला. २० तारखेला लोक रुळावर उतरले, तासन्‌तास गाड्या बंद. तेव्हा मंत्रालयाला समित्या आठवल्या. पुन्हा जीआर, पुन्हा तक्रारपेट्या. अरे, बालवर्गातली पोर पेटीत चिठ्ठी टाकणार? तिला लिहिता तरी येतं का? ती बोलेल ते जवळच्या माणसापाशी. ते माणूस शाळेत पाहिजे.

आमच्या आठवीत स्कॉलरशिपच्या फॉर्मला हाक यायची, ‘एससीवाले, उभे राहा.’ आम्ही अकरा जण उभे. बाकीचे मोजत. फॉर्म मास्तरांनीच भरून दिले, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवसापासून डब्याला जोडीदार उरला नाही, ते त्यांना दिसलं नाही. दिसणार कसं? समोर साठ पोरं, वर निवडणुकीच्या याद्या. मास्तरला कारकून करायचं आणि म्हणायचं, समुपदेशन कर.

जोतिबांनी १८८२ ला हंटर कमिशनला लिहून दिलं होतं, की मास्तर शेती करणाऱ्या जातींतले तयार करा, ते पोरांत मिसळतील, त्यांची गरज ओळखतील. अर्ज अजून टेबलावरच असावा.

गट करायचाच तर दहा पोरांचा करा. वर्षभर एकाच बाईंकडं नाहीतर सरांकडं ठेवा. तास वेळापत्रकात लिहा. शाळा सुटल्यावर नको, तेव्हा आमची पोरं कामावर जातात. पोर चार दिवस आलं नाही तर वस्तीत या, आमच्या घरचं पाणी प्या. आणि समितीवर अशी बाई बसवा, जी सहीच्या आधी म्हणेल, काय लिवलंय ते वाचून दाखवा.