महाराष्ट्राच्या घरात आता कोण राहते?



आपल्यापैकी चार जण एकत्र आले आणि महाराष्ट्राचा विषय निघाला की अर्ध्या तासात कोणीतरी म्हणतेच, "अहो, मुळात लोकसंख्याच भरमसाठ, तिथे कोण काय करणार?" पाणीटंचाई, लोकलची गर्दी, बेकारी, सगळ्याचे खापर त्या एका वाक्यावर फुटते आणि आपण जेवायला उठतो. आपण बहुतेक जण व्यवसायाने आकड्यांत वावरणारी माणसे. इथे ऑफिसात कोणी वीस वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर निष्कर्ष काढला, तर आपण त्याला बसू देणार नाही. स्वतःच्या राज्याबद्दल मात्र आपण शाळेच्या निबंधातला 'लोकसंख्येचा भस्मासुर' अजून सांभाळून ठेवला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: महाराष्ट्रात मुले फार होतात, हा प्रश्न आता राहिलेला नाही. घरात कोण उरले, कोण बाहेर पडले, आणि या जाण्यायेण्यात मोजणीतून कोण निसटते, हा आजचा प्रश्न आहे. तो आपल्याही घरचा आहे.

आधी भस्मासुराचे बघू. एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतात, या आकड्याला जननदर म्हणतात. लोकसंख्या स्थिर राहायला तो साधारण २.१ लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा जननदर १९९२-९३ मध्ये २.९ होता. २००५-०६ मध्ये तो २.१ वर आला, आणि २०१९-२१ मध्ये १.७ झाला. आपण राहतो त्या अमेरिकेचा दर आज १.६ च्या आसपास आहे. म्हणजे या बाबतीत महाराष्ट्र आणि अमेरिका जवळजवळ एकाच पायरीवर आहेत. तरीही राज्याची एकूण संख्या काही काळ वाढत राहील, कारण आधीच्या पिढीत जन्मलेल्या तरुणांची संख्या मोठी आहे. त्यांनी एकेकच मूल होऊ दिले तरी बाळे बरीच जन्मणार. धावती गाडी ब्रेक लावल्यावरही थोडी पुढे जाते, तसे हे आहे. पण ब्रेक लागून बरीच वर्षे झाली.

हा ब्रेक कोणी लावला, हेही पाहण्यासारखे आहे. राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी निम्म्यांच्या आसपास स्त्रियांची नसबंदी झालेली असते. पुरुष नसबंदीचे प्रमाण एक टक्कासुद्धा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांच्या मांडणीच्या मध्यभागी स्त्रीचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क होता. शंभर वर्षांनी आपण संततिनियमन घेतले, हक्काचा भाग मात्र वाटेतच सोडला.

त्यावर कडी म्हणजे दोन अपत्यांचा कायदा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. २००५ च्या नियमांनी शासकीय नोकरीलाही तशीच अट लावली. आपल्यातल्या बऱ्याच सुशिक्षितांना हा कायदा आवडतो. पण केरळ आणि तामिळनाडू यांनी असा कायदा न करता महाराष्ट्राच्या आधी जननदर खाली आणला. तो मुलींच्या शाळेमुळे, दवाखान्यामुळे आणि जन्मलेले मूल जगेल या भरवशामुळे खाली येतो. तिसरे मूल व्हावे की नाही हे जिच्या हातात अनेकदा नसते, तिचे सरपंचपद काढून घेऊन आपण नेमके कोणाला शिक्षा करतो?

आता सरासरीच्या पोटात शिरू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या आसपास भरली. त्याआधीच्या दशकातली वाढ १६ टक्के. हा झाला राज्याचा आकडा. पण त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ ५ टक्क्यांनी कमी झाली, सिंधुदुर्गाची २ टक्क्यांनी, आणि मुंबई शहर जिल्ह्याची साडेसात टक्क्यांनी. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा मात्र ३६ टक्क्यांनी वाढून देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला. परळ-लालबागची चाळ रिकामी होऊन माणूस डोंबिवली-विरारला गेला, आणि कोकणातल्या घराला कुलूप लागून त्याचा मुलगाही तिकडेच गेला. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. हा आकडा ऐकून कोणी स्त्री-सन्मानाची पावती फाडू नये. पुरुष चाकरीला बाहेर आणि बायका, म्हातारी माणसे घरी, असा त्याचा साधा अर्थ आहे.

लहान मुलांचा आकडा याच्या अगदी उलट बोलतो. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला होता, हे लक्षात घेतले की ही उतरण जास्त बोचते. बीडमध्ये हा आकडा २००१ च्या ८९४ वरून दहा वर्षांत ८०७ वर कोसळला. आदिवासीबहुल गडचिरोलीत तो ९६१ होता. ज्यांना आपण मागास म्हणतो त्यांनी मुली जगवल्या, आणि सोनोग्राफीपर्यंत ज्यांचे हात पोचले त्यांनी त्या कमी केल्या. त्या वर्षांतले मुलगे आता लग्नाच्या वयाचे झाले आहेत. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात तरुणांनी नवरदेवाच्या वेषात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तेव्हा इथे आपण त्याचे फोटो हसत एकमेकांना पाठवले. शेतीची दुरवस्था हे लग्न न जमण्याचे एक कारण आहेच. दुसरे कारण सोनोग्राफीच्या खोलीत घडलेले आहे.

बीडचा उल्लेख आला, तर तिथल्या कुटुंबाकडे थोडे थांबून पाहू. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. दोन माणसे मिळून कोयता एक. मुकादमाची उचल जोडीच्या नावावर येते. एकट्या पुरुषाला उचल मिळणे अवघड, म्हणून लग्न लवकर उरकायचे. मुलीला गावी एकटी कोणाच्या भरवशावर ठेवायची ही धास्ती असतेच. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २२ टक्के होत्या, बीडमध्ये ४३ टक्क्यांच्या वर आणि परभणीत ४८ टक्के. ज्या राज्याचा जननदर अमेरिकेइतका, त्याच राज्यात हेही आहे. इथे घर कसे असेल ते मजुरीची पद्धत ठरवते.

आता मोजणीकडे येऊ. जनगणनेत कुटुंबाची व्याख्या सोपी आहे: जे एकत्र राहतात आणि एका चुलीवरचे जेवतात ते एक कुटुंब. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता घरयादीचा टप्पा २०२६ सालचा आणि माणसे मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ चा असे ठरले आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद होणार आहे, त्यावर आपल्याकडे भरपूर वाद झाले, आणि ते व्हायलाच हवेत. पण फेब्रुवारी या महिन्याकडे कोणाचे लक्ष गेले का?

फेब्रुवारीत ऊसतोडीचा हंगाम चालू असतो. दिवाळीच्या सुमारास निघालेली टोळी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत पालात राहत असते. गावच्या घरात आजी-आजोबा आणि शाळकरी नातवंडे. २०११ च्या नियमाप्रमाणे मोजणीचा पूर्ण काळ जो घरी नसतो त्याची नोंद घरी होत नाही, तो जिथे सापडेल तिथे होते. फडात पहाटे निघून रात्री परतणारी जोडी प्रगणकाला सापडेल का? सापडली, तरी स्थलांतराच्या कारणात एकच पर्याय लिहायचा असतो. मग बायकोपुढे 'लग्न' किंवा 'कुटुंबासोबत' असे पडते. बरोबरीने कोयता चालवणारी बाई कामासाठी आली होती, ही गोष्ट कागदावर येतच नाही.

हा नुसता हिशेबाचा काटेकोरपणा नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी लोकांना धान्य मिळते, आणि ही मर्यादा अजून २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेली आहे. दवाखाना, शाळेचे शिक्षक, मतदारसंघ, सगळे याच मोजणीवर ठरते. एकदा निसटलेला माणूस दहा वर्षे निसटतो. या वेळी तर सोळा वर्षांची सुधारणा एका मोजणीत करायची आहे.

आता आपल्या घराचे. पुण्या-नाशकातल्या, ठाण्यातल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आपले आईवडील राहतात. जनगणनेच्या लेखी ते दोन माणसांचे कुटुंब, आणि काही वर्षांनी एका माणसाचे. आपण परदेशी राहणारे त्या नोंदीत नसतो, आणि ते योग्यच आहे, कारण आपण तिथे जेवत नाही. पण त्यामुळे 'मुले परदेशी असलेले एकटे वृद्ध' हा वर्ग शासनाला दिसत नाही. २०११ मध्ये राज्यातले जवळजवळ १० टक्के लोक साठीच्या पुढचे होते. जननदर १.७ असलेल्या राज्यात हे प्रमाण वाढतच जाणार. या घरांत आज स्वयंपाकाला, औषधपाण्याला कोण येते? बहुधा चाळीस-पन्नाशीतली एक बाई, मराठवाड्यातून किंवा विदर्भातून शहरात आलेली. तिची स्वतःची म्हातारी सासू गावी एकटी आहे. आपल्या घरातली पोकळी तिने भरली, तिच्या घरातली कोणी भरायची? कोयत्याचे घर आणि आपले घर इतके दूर नाही.

केरळ राज्याने हे ओळखले. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ पासून ठरावीक वर्षांनी स्थलांतराचे सर्वेक्षण केले आहे: कोण गेले, कुठे गेले, पैसे किती आले, मागे कोण राहिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांभाळणारी संस्था तर मुंबईतच, देवनारला आहे. गोखले संस्था पुण्यात आहे. महाराष्ट्राकडे माणसे आहेत, विद्या आहे. मागणी करणारे कमी आहेत.

ती मागणी आपण का करू नये? आपल्या वर्गणीतून दरवर्षी महाराष्ट्रातल्या संस्थांना मदत जाते. या वर्षी त्यातला एक वाटा ऊसतोड कामगारांत काम करणाऱ्या संस्थांना खास एका कामासाठी द्यावा: फेब्रुवारीत फडावरच्या प्रत्येक पालाची नोंद होते की नाही ते पाहणे, आणि बाईच्या नावापुढे तिचे काम लिहून घेणे. दोन अपत्यांची अट रद्द व्हावी यासाठी आपल्या मंचाने राज्य शासनाला पत्र लिहावे. आणि नियमित स्थलांतर सर्वेक्षणाचा आग्रह धरावा. त्यात परदेशी गेलेल्यांची, म्हणजे आपलीही, नोंद असावी.

पुढच्या बैठकीत कोणी "लोकसंख्याच फार" म्हणाले, तर कृपया विचारा: कोणत्या जिल्ह्याची, कोणत्या वयाची, आणि त्या घरात चूल कोण पेटवते? उत्तर देता आले नाही, तर निदान चर्चा तिथे संपणार नाही.