मास्क लावला, लक्ष कोण ठेवणार?

पुढच्या साथीसाठी जिल्हा रुग्णालय किती सज्ज आहे, असं विचारलं की अजूनही व्हेंटिलेटरचा आकडा सांगितला जातो. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. घशात नळी घालायची वेळ टाळण्यासाठी आपण काय उभं केलंय?

कोविड किंवा फ्लूचा न्यूमोनिया बळावला की फुफ्फुसातले वायुकोश मिटू लागतात. सीपॅपमध्ये घट्ट बसणाऱ्या मास्कमधून सतत दाब देऊन ते उघडे ठेवले जातात. रुग्ण शुद्धीवर असतो, श्वास स्वतःच घेतो. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी-आरएस’ चाचणीत १,२७३ कोविड रुग्ण होते. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या ऑक्सिजनवरच्या ४४.४ टक्के रुग्णांना ३० दिवसांत नळी घालावी लागली किंवा मृत्यू आला. सीपॅपच्या गटात हे प्रमाण ३६.३ टक्के होतं. हा फरक मुख्यतः नळी टळल्यामुळे पडला. नाकावाटे वेगाने ऑक्सिजन देणाऱ्या हाय-फ्लोचा असा फायदा त्या चाचणीत दिसला नाही.

शिवाय हाय-फ्लोची भूक मोठी. मिनिटाला ६० लिटर शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागला, तर सात हजार लिटरचा जम्बो सिलिंडर दोन तासही पुरत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सिलिंडरसाठी रात्ररात्र धावलेल्या महाराष्ट्राला हा हिशेब समजावून सांगायला नको. ऑक्सिजनची टाकी आणि पाइपलाइन सक्षम नसेल, तर असं यंत्र नुसतं शोभेला उरतं.

पण सगळ्यात मोठी उणीव माणसांची आहे. मास्क सैल होतो, नाकावर जखम होते, जीव घुसमटून रुग्ण तो ओढून काढतो. कधी ऑक्सिमीटरवर ९४ दिसत असतात, पण श्वासाची गती वाढलेली असते आणि मानेचे स्नायू ताणलेले असतात. रुग्ण थकत चालल्याची ही खूण. अशा वेळी नळी घालायला उशीर झाला, तर तो जिवावर बेतू शकतो. ही खूण ओळखते ती खाटेपाशी उभी असलेली, प्रशिक्षित सिस्टर. तिच्या एकटीवर अख्खा वॉर्ड सोपवला, तर ती कुणाकुणाचे श्वास मोजणार?

म्हणून सीपॅपच्या खरेदीचा कोणताही प्रस्ताव नुसत्या यंत्रांचा नसावा. सिस्टरच्या किती जागा भरणार, त्यांना प्रशिक्षण कोण देणार आणि रात्रपाळीत एका सिस्टरकडे किती रुग्ण असतील, याची उत्तरं त्यातच लिहिलेली हवीत. ती नसतील, तर आरोग्य खात्याने प्रस्ताव परत पाठवावा.