आपल्या गावावरचं पुस्तक आपल्याच शाळेत का नाही?



देहूतल्या मुलांना 'माझे गाव' हा निबंध दिला की वही कशी भरते, हे तुम्हाला सांगायला नको. इंद्रायणीच्या काठी वसलेले गाव, तुकोबारायांची जन्मभूमी, बीजेचा सोहळा, पालखीचे प्रस्थान. सगळं खरं आहे. पण वहीमागून वही तपासा, तीच वाक्यं त्याच क्रमाने येतात. मुलांना गावाचा अभिमान आहे, पण गावाविषयी एकही प्रश्न पडत नाही. शिवाय आता वर्गातली बरीच मुलं चाकण, तळवडे, भोसरीच्या कारखान्यांत कामाला आलेल्या घरांतली असतात. कुणी लातूरचं, कुणी बीडचं, कुणी थेट बिहारचं. हे गाव 'माझं' म्हणायला त्यांनाही काहीतरी धागा हवाच ना?

हा धागा कुतूहलातून मिळतो असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कुतूहल जागं करणारी पुस्तकं आपल्या परिसरावर लिहिली गेली आहेत. फक्त ती आपल्या शाळेच्या कपाटात नाहीत. त्यातली बरीचशी विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्थांनी काढली आहेत, म्हणजे ज्यांना आपण 'युनिव्हर्सिटी प्रेस' म्हणतो.

ऑक्सफर्ड म्हटलं की आपल्याला शब्दकोश आठवतो, केंब्रिज म्हटलं की इंग्रजीच्या परीक्षा. पण या संस्थांचं मूळ काम वेगळं आहे. केंब्रिजला छपाईची सनद मिळाली १५३४ साली, म्हणजे तुकोबांच्याही आधी. अशा संस्थेत पुस्तक छापण्याआधी त्या विषयातले जाणकार ते वाचतात, आक्षेप घेतात, लेखकाला उत्तर द्यावं लागतं. पुस्तकात माहिती कुठून आली याच्या टिपा असतात, शेवटी संदर्भ असतात, सूची असते. "हे तुला कसं कळलं?" या प्रश्नाला बांधील असलेलं पुस्तक, अशी त्याची सोपी ओळख मुलांना करून देता येईल.

आता आपल्या जवळची उदाहरणं बघा.

रा. चिं. ढेरे यांचा जन्म मावळातल्या निगडे गावचा, १९३० सालचा. म्हणजे आपल्या शेजारचाच माणूस. त्यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ १९८४ साली लिहिला. विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव, असं त्यांनी माहात्म्यग्रंथ, शिलालेख, लोककथा यांचा धांडोळा घेऊन मांडलं. १९८७ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे अ‍ॅन फेल्डहाउस यांनी तो इंग्रजीत नेला आणि २०११ मध्ये ऑक्सफर्डने छापला.

याच फेल्डहाउस बाईंचं महाराष्ट्रातल्या नद्यांवरचं पुस्तक ऑक्सफर्डनेच १९९५ साली काढलं. आपल्या बायका नदीची ओटी का भरतात, नदीला साडी का नेसवतात, नदी 'ती'च का, हे त्यांनी जुने ग्रंथ वाचून आणि माणसांशी बोलून शोधलं. आपण रोज बघतो आणि सोडून देतो, त्यावर एक अख्खं पुस्तक उभं राहिलं!

दि. बा. मोकाशींचं 'पालखी' तर आठवी-नववीच्या मुलांनाही वाचता येईल असं. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीबरोबर चालत जाऊन लिहिलेलं. त्याचा इंग्रजी अनुवाद १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेट युनिव्हर्सिटीने छापला. आपल्याकडच्या विद्यापीठांनीही काही कमी काम केलेलं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने अप्पासाहेब पवारांनी संपादित केलेली ताराबाईकालीन कागदपत्रं छापून मोठा ठेवा मोकळा केला.

यावर तुम्ही म्हणाल, "अहो, इंग्रजी पुस्तकं, त्यात किमती एवढ्या, आणि विषय जड. शाळेला कसं परवडणार?" अगदी बरोबर. पण वरची यादी पुन्हा बघा. ढेरे आणि मोकाशी मुळात मराठीतच आहेत. परदेशी विद्यापीठांनी ज्यांना मान दिला, ती पुस्तकं आपल्या भाषेत आपल्यासाठीच लिहिलेली आहेत. मराठी प्रती शाळेसाठी घ्या. इंग्रजी पुस्तकं शिक्षकांनी मोठ्या ग्रंथालयातून आणून वाचावीत आणि वर्गात त्यातला फक्त एक प्रश्न न्यावा. पूर्ण पुस्तक मुलांना वाचायला लावण्याची गरजच नाही.

दुसरी शंका जास्त नाजूक आहे. श्रद्धेच्या गावात असे प्रश्न विचारायचे का? कुणाच्या घरी माळ आहे, कुणाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे. माझ्या मते इथे शिक्षकाने एक पथ्य पाळावं. श्रद्धा खरी की खोटी, हा निवाडा वर्गात करू नये. "ही गोष्ट आधी कुणी सांगितली, पुढे कशी बदलत गेली?" एवढंच विचारावं. ढेऱ्यांचं पुस्तक वाचून वारी कुणी सोडत नाही. उलट ज्याच्यासाठी चालायचं, त्याला आपण जरा अधिक ओळखू लागतो.

वर्गात करायला सोपं काय? पाचवी-सहावीच्या मुलांनी आजीला विचारावं की नदीची ओटी कधी आणि का भरतात, आणि उत्तर तिच्याच शब्दांत लिहावं. सातवी-आठवीच्या मुलांनी आजची इंद्रायणी बघावी. आळंदीला नदीवर फेस तरंगतो, हे आपण दरवर्षी बातम्यांत बघतो. जिला आपण आई म्हणतो तिच्यात हे कुठून येतं, याची विचारपूस मुलांनी करू नये का? नववीच्या मुलांनी भंडारा डोंगराची सहल करून आल्यावर दोन रकाने करावेत. एका रकान्यात 'मी पाहिलं', दुसऱ्यात 'मला सांगितलं'. कुणी सांगितलं तेही लिहायचं. झाली की पहिली संदर्भसूची!

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. वाढदिवसाला शाळेला पुस्तक भेट देणार असाल, तर गोष्टींच्या पुस्तकांबरोबर आपल्या परिसरावरचं एखादं अभ्यासाचं पुस्तकही द्या. आणि मूल "हे कशावरून?" असं विचारेल तेव्हा त्याला उद्धट म्हणू नका. उत्तर माहीत नसेल तर त्याच्याबरोबर शोधायला बसा.